अपेक्षाच्या पोटाचा ठराव

जांभूळकोंडात गावकीला विचारल्याशिवाय काही होत नसे. विहिरीवर मोटार बसवायची तर गावकी, पालखीपुढे आधी कोणी नाचायचं तर गावकी, कुणाच्या कोंबडीने कुणाची मिरचीची रोपं उकरली तर त्यालाही गावकीच. वरंधच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी हा कोंड, म्हणजे लहानशी वाडी. निम्म्या घरांना कुलपं आणि त्या कुलपांच्या किल्ल्या मुंबईत. म्हणून गावक्याही दोन होत्या. एक देवळाच्या पडवीत बसे, दुसरी मुंबईत कुणाच्या तरी खोलीत भरे. कोंडावरची गावकी ठराव करी आणि मुंबईची तो बदली. दोन्हीकडे फक्त पुरुष बसत. बायका पडवीच्या पायऱ्यांवर बसून ऐकत आणि घरी जाऊन त्यातलं किती पाळायचं ते ठरवत.

अपेक्षा लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला वाटलं होतं, हे बरं आहे, इथे एकट्याने काही ठरवावं लागत नाही. आपल्या पोटाचाही ठराव होईल, हे काही तिच्या मनात आलं नव्हतं.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर तिला सहावा महिना लागला होता. नवरा अक्षय बिरवाडीला एका कारखान्यात होता. तिथेच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. घरात अपेक्षा आणि सासू ठकूबाई, दोघीच. सासूला ती आत्या म्हणायची. ठकूबाई दरवर्षी कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, उकळून त्यांचं तेल काढी. थंडीत ते थिजून मेणासारखं घट्ट होतं. त्याचे लिंबाएवढे गोळे करून ती कोंडावर वाटी. चिखलाने आणि गारठ्याने टाचा फुटल्या की चुलीपुढे बसायचं, गोळा जरा निखाऱ्याजवळ धरायचा आणि भेगेत चोळायचा. आजवर त्या तेलाला एवढंच काम होतं, आणि ते तेल ते काम गुपचूप करत होतं.

ठकूबाईचा धाकटा मुलगा विनीत मुंबईत एका मोठ्या दुकानाच्या गोदामात खोकी रचायचा. एक दिवस त्याच्या हातात क्रीमची एक डबी आली. गरोदरपणात पोटावर येणाऱ्या रेघांसाठी, असं तिच्यावर लिहिलं होतं, आणि आत काय काय घातलंय त्या यादीत कोकम होतं. विनीतने किंमत वाचली, डबी दोन्ही हातांनी जपून खाली ठेवली आणि सुट्टीचा अर्ज दिला.

घरी येऊन त्याने आईचे गोळे नव्या नजरेने पाहिले. त्याचा हिशेब सरळ होता. टाचेची भेग बुजते, तर पोटाची का बुजणार नाही? टाचेची कातडी तर पोटापेक्षा किती जाड.

अपेक्षाने त्याला समजावून पाहिलं. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासताना सगळं नीट सांगितलं होतं. पोट भराभर वाढतं, कातडी आतून ताणते, म्हणून रेघा उमटतात. कुणाला जास्त, कुणाला कमी. आईला आल्या असतील तर मुलीला येण्याचा संभव अधिक. बाळंतपणानंतर त्या हळूहळू फिक्या पडतात, पण पुसून टाकल्यासारख्या जात नाहीत. तेल लावावं, कातडी कोरडी पडत नाही आणि खाज कमी होते. मात्र तळहात, तळपाय फार खाजू लागले तर तेल चोळत बसू नये, लगेच दवाखान्यात यावं. एवढं सगळं अपेक्षाने दिराला ओळीने सांगितलं.

"वहिनी, डॉक्टर असंच बोलणार," विनीत म्हणाला. "त्यांच्याकडे प्रॉडक्ट नाय ना."

मग विषय गावकीपुढे गेला. कोंडाजीतात्या गावकीचे प्रमुख. मोठे सभ्य गृहस्थ. त्यांच्या तोंडातून परक्या सुनेच्या पोटाचा उल्लेख येणं कठीण होतं, म्हणून ते आधी 'मधला भाग' म्हणाले, मग 'संबंधित जागा' म्हणाले, आणि चर्चा रंगली तसे 'पाणलोट क्षेत्र' म्हणू लागले. बाकीच्यांनीही तोच शब्द उचलला. पाणलोट क्षेत्रात भेगा पडू नयेत यासाठी कोंडाकडे उपाय आहे, तो जगापुढे आणावा, असं सगळ्यांचं मत पडलं. पण जगाला पुरावा लागतो. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. विनीत त्याला बिफोर-आफ्टर म्हणत होता. पुरावा म्हणून कुणाला उभं करायचं, याला फार शोधाशोध करावी लागली नाही. कोंडावरची तरुण घरं मुंबईला, सुरतेला. गेल्या चार वर्षांत कोंडावर पोटुशी राहिलेली अपेक्षा एकटीच होती.

ठराव झाला. मुंबईने त्यात फक्त तेलाचं नाव बदललं. डबीवर ठकूबाईचा नथ घातलेला फोटो छापायचा, खाली ओळ घालायची: दोन बाळंतपणं, पोट कोऱ्या पाटीसारखं. ही ओळ विनीतची. ती लिहिण्यापूर्वी त्याने आईला विचारलं नाही, आणि छापून आल्यावर ठकूबाईही काही बोलली नाही. फोटो चांगला आला होता. तिने तो शेजारणीला दोनदा दाखवला.

त्या दिवसापासून अपेक्षाचं पोट कोंडाच्या देखरेखीखाली आलं. सकाळ-संध्याकाळ ठकूबाईने तेल लावायचं. बचत गटाच्या अध्यक्ष दर्शनावहिनींनी येऊन पाहून जायचं, आणि कोंडाजीतात्यांना कळवायचं. तात्या जन्मभर तलाठ्याच्या कचेरीत शिपाई होते, त्यांनी कळवण्याची पद्धतही ठरवून दिली. रेघ नसेल तर म्हणायचं, निरंक. दर्शनावहिनी रोज येत, चहा घेत, दारातूनच "बरी हायस ना गो?" विचारत आणि जाता जाता देवळाकडे तोंड करून सांगत, "निरंक." रात्री तो निरंक फोनवरून मुंबईला पोचे. मुंबईहून अंगठे येत.

इथपर्यंत अपेक्षाने सगळं हसून नेलं. मालीश तिला आवडायची. ठकूबाईचा हात मऊ होता, खाज थांबायची, झोप लागायची. शिवाय सातव्यात ओटी भरून आपण माहेरी, तुडीलला जाणारच, मग बसू देत गावकीला ठराव करत, असं तिने धरलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही कुणी ठरवायचं नव्हतं. ते ठरलेलंच होतं. तुडीलला आई होती, आणि दारात रात्री-बेरात्री उभी राहील अशी भावाची रिक्षा होती. कोंडावर सगळे म्हातारे, दिवसाला दोन एसट्या, आणि वळणावळणाचा रस्ता. रात्री कळा सुरू झाल्या तर काय, हा विचार तिला अंथरुणावर पडलं की यायचा आणि मग कूस बदलूनही जायचा नाही.

सातव्यात तिची आई न्यायला आली. ओटी झाली, पुरणपोळ्या झाल्या, पिशव्या भरून दारात ठेवल्या. तेवढ्यात कोंडाजीतात्या आले. ते फार आदराने बोलले. विहीणबाई, लेक तुमचीच, नेऊ नका असं कोण म्हणेल. पण तेल आमचं आणि शेवटचे दोन-तीन महिने तुडीलला गेले, तर उद्या तुडीलवाले उठून म्हणणार की हा आमच्या पाण्याचा गुण. सावित्रीच्या काठचे लोक, त्यांना पाण्याचा आधीच गर्व. तेव्हा शिमगा होईपर्यंत मुलगी इथेच राहू दे.

आईने अक्षयकडे पाहिलं. अक्षयने वडीलधाऱ्यांकडे पाहिलं. त्याला दोन गोष्टी जमत नसत, मोठ्यांना नाही म्हणणं आणि बायकोला हो म्हणणं. तो "बघू" म्हणाला. आई चहा घेऊन एकटी परत गेली. पिशव्या आत आल्या. पुढे आठवा लागला, आणि आठव्यात पोटुशीला घराबाहेर पाठवत नाहीत, हे सांगायला कोंडावरच्या सगळ्या म्हाताऱ्या एकदम पुढे आल्या. एरवी त्यांचं आपसात भाजीच्या मिठावरही एकमत होत नसे.

नववा लागला तसा शिमगा आला. कुलपं उघडली, मुंबईची माणसं आली, ढोल आले, आणि विनीत डब्यांची खोकी घेऊन आला. पालखी घरोघर फिरून सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की दुसऱ्या दिवशी मोठी बैठक. आदल्या दुपारी विनीत ओट्यावर बसून फोनवर कुणाला तरी पुढचं सांगत होता आणि आत तांदूळ निवडत बसलेल्या अपेक्षाला ते सगळं ऐकू येत होतं. आफ्टरचा फोटो बाळंतपणाआधीचा घेऊन चालत नाही, असं त्याला कुणी जाणकाराने सांगितलं होतं. बाळंतपण कोंडावरच करायचं. नंतर सव्वा महिना तेल. मग फोटो. गावकी उद्या तसा ठराव करणार आहे, दादाला सांगितलंय, दादा बघू म्हणालाय.

अपेक्षाने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मागच्या दारी जाऊन तिने आईला फोन लावला आणि पलीकडून "कशी हायस?" एवढं विचारल्यावर तिला बोलताच येईना. ती नुसती रडत राहिली. आई तिकडून काय झालं, पोट दुखतंय काय, असं घाबरून विचारत राहिली.

ठकूबाई गोठ्याच्या दारात उभी होती. तिने ते ऐकलं. शेणाचे हात धुऊन ती आत आली, पुढचं दार लावलं आणि भिंतीवरचा छोटा आरसा काढून आणला.

"निज जरा," ती म्हणाली. "तुला काय दाखवते."

अपेक्षाला वाटलं तेल लावायचं असेल. ती पडली. पोट एवढं वाढलं होतं की बेंबीच्या खालचं तिला गेले दोन महिने स्वतःला दिसत नव्हतं. ठकूबाईने आरसा खालून तिरपा धरला. बेंबीखाली, दोन्ही अंगांना, जांभळट लाल रेघा होत्या. एक नाही, दोन नाही. भातखाचरात पाणी आटल्यावर ओघळ राहतात तशा खालून वर आलेल्या.

अपेक्षा बराच वेळ आरशात बघत राहिली. बिरवाडीच्या खोलीत अक्षयच्या मित्राच्या बायकोने एकदा दाखवलेले फोनमधले गुळगुळीत पोटांचे फोटो तिला आठवले. रोज दोन वेळा तेल लावून आपलं असं का झालं, आपण कुठे चुकलो, असं तिला वाटून गेलं. कधीपासून आहेत, तिने विचारलं. सातव्यापासून, ठकूबाई म्हणाली. मग आत्या, तुम्ही बोलला का नाहीत? कोपऱ्यात खोकं उघडं पडलं होतं आणि त्यातून ठकूबाईचेच अनेक चेहरे नथ घालून वर बघत होते. त्यांच्याकडे तिने एकदा पाहिलं. मग तिने आपल्या लुगड्याचा ओचा सैल केला.

तिच्या पोटावर रेघाच रेघा होत्या. जुन्या, पांढऱ्या, चमकणाऱ्या, केळीच्या पिकल्या पानाच्या शिरांसारख्या.

"ह्या अक्षयच्या," ती डावीकडे बोट फिरवत म्हणाली. "आणि ह्या सगळ्या इनीतच्या. दांडगा होता मेला. मी पण तेल लावायचे. त्यानं बरं वाटतं. रेघा काय तेलाला इचारून येत नायत गो."

मग अपेक्षाने डोळे पुसले आणि विचारलं, आत्या, हे गावकीला कळलं तर काय होईल?

"मग तुला अडवून काय करतील?" ठकूबाई म्हणाली. "उद्या कळू दे."

दुसऱ्या दिवशी पडवी भरली. मुंबईचे लोक पुढे, कोंडावरचे मागे, बायका पायऱ्यांवर. कोंडाजीतात्यांनी पाणलोट क्षेत्राचा आढावा घेतला. तीन महिने सलग निरंक. एवढं यश या कोंडाला पाणीयोजनेतही मिळालं नव्हतं, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. विनीतने डबी उंच धरून दाखवली. आता बाळंतपण इथेच करण्याचा ठराव मांडतो, असं म्हणून तात्यांनी घसा साफ केला, तोच पायऱ्यांवरून ठकूबाई उठली.

"रेघा आल्यात," ती म्हणाली.

बाई बैठकीत बोलली याचं नवल करावं, की ती काय बोलली याचं, हे पुरुषांना ठरवता येईना. मुंबईच्या एका जाणत्याने विचारलं, याला पुरावा काय? आणि विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं की पुरावा पाहायला आपल्याला जाता येणार नाही. मग बायकांची समिती नेमली गेली. समितीचं प्रमुखपद दर्शनावहिनींकडे आलं, कारण पाहणीचा अनुभव त्यांनाच होता.

समिती ठकूबाईच्या घरात शिरली आणि दार लागलं. दर्शनावहिनींनी तीन महिन्यांत पहिल्यांदाच अपेक्षाचं पोट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मग त्या हळूच म्हणाल्या की आपल्याही आहेत, मांड्यांवर, म्हणून आपण बघायलाच धजलो नाही; दुसऱ्याच्या बघितल्या की आपल्या आठवतात. दुसरी म्हणाली, माझ्या तर पाठीवरसुद्धा आहेत. तिसरी म्हातारी होती. तिने सांगितलं की तिच्या नवऱ्याने चाळीस वर्षांत त्या पाहिल्याच नाहीत, त्याला अंधारात कसं दिसणार. मग आत असं काही हसू फुटलं की पडवीतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना वाटलं, निकाल चांगला असावा.

हसू ओसरल्यावर दर्शनावहिनींनी अपेक्षाला विचारलं, काय सांगायचं बाहेर, तू सांग. पुन्हा निरंक म्हणायला मला काय, तोंडाला सवय झालीय.

"आहेत तशा सांगा," अपेक्षा म्हणाली. "दोन जास्तच सांगा."

दर्शनावहिनींनी बाहेर येऊन सांगितलं की आहेत, आणि पुष्कळ आहेत. विनीतचा चेहरा उतरला. तेल लावण्यातच काही चूक झाली असेल, असं तो म्हणू लागला. मालोजी नावाच्या मुंबईकराने सुचवलं की प्रमाण दुप्पट करून पाहावं. शेवटी विनीत आईकडे वळला.

"आई, तूच सांग सगळ्यांना. तुला आल्या होत्या काय? दोन बाळंतपणं, पोट कोऱ्या पाटीसारखं, हाय की नाय?"

"तू तवा आत होतास," ठकूबाई म्हणाली. "भायेर काय झालं ते मला इचार."

पायऱ्यांवरच्या बायका पुन्हा हसल्या. विनीतने डबीवरची ओळ वाचली, आईकडे पाहिलं, आणि मग डबी खिशात घालायचा प्रयत्न केला. ती खिशात मावेना.

आता कोंडाची अब्रू कशी राखायची, हा प्रश्न होता. आणि इथे कोंडाजीतात्यांचा तलाठी कचेरीतला सगळा अनुभव कामी आला. ते म्हणाले की रेघा आईकडून येतात, असं महाडच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आहे ना? डॉक्टर खोटं कशाला बोलतील? म्हणजे या रेघा मूळच्या तुडीलच्या. त्यात आपल्या तेलाचा दोष नाही. ज्यांचं ते त्यांच्याकडे पोचतं केलेलं बरं. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत, ती मोडा असं आपण कुणाला म्हटलं होतं?

कुणीच म्हटलं नव्हतं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मुलीला उद्या सकाळीच तुडीलला पोचवावं, उशीर झाल्यास रेघा कोंडावरच वाढल्या असा बोभाटा होईल, असा ठराव एकमताने झाला. मुंबईने त्यात एका अक्षराचाही बदल सुचवला नाही. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

अक्षयला विचारलं तेव्हा सवयीने त्याच्या तोंडातून "बघू" निघालं.

"आता बघायचं काय राहिलं?" अपेक्षा पायऱ्यांवरून म्हणाली. "समितीनं बघितलंय. तुम्ही गाडी सांगा."

सकाळी गाडी आली. अक्षयने मागच्या सीटवर उशी ठेवली, ती दोनदा सारखी केली, आणि स्वतः पुढे बसायला निघाला होता तो अपेक्षाने बोलावल्यावर मागे तिच्याजवळ येऊन बसला. ठकूबाई निरोपाला सुनेच्या तोंडावरून हात फिरवून आत गेली. तिला गाईची धार काढायची होती. कोंडाजीतात्या मात्र रस्त्यापर्यंत आले. इकडेतिकडे कुणी नाही असं पाहून ते काचेजवळ वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले की सूनबाई, तुडीलला कुणी विचारलंच, तर रेघा तुडीलला आल्यावरच दिसल्या, असं सांग. कोंडाच्या नावाचा प्रश्न आहे.

अपेक्षाने काच आणखी खाली केली.

"तात्या, तिकडे आणखी दोन-चार आल्या तर त्या तुडीलच्या," ती म्हणाली. "आता आहेत त्या जांभूळकोंडाच्या. मी तसंच सांगणार."

गाडी वळणावरून खाली उतरली. कोंडाजीतात्या रस्त्यातच उभे राहिले. रेघांची अशी वाटणी करण्याचा अधिकार नक्की कुणाला, हे कोणत्याच जुन्या ठरावात नव्हतं.